हिशोब येतो, गणित येत नाही

यवतमाळ जिल्ह्यातील एका उच्च प्राथमिक शाळेत मी सहावीला गणित शिकवत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. कापूस वेचणीचे दिवस होते आणि वर्गात निम्मी मुले नव्हती. चार दिवसांनी शाळेत परतलेल्या एका मुलीला मी सहज विचारले, की काल आईने किती कापूस वेचला. ती म्हणाली, पस्तीस किलो. किलोमागे बारा रुपये. पैसे किती झाले, असे विचारल्यावर तिने क्षणभर वर पाहिले आणि सांगितले, "दहानं साडेतीनशे, दोनानं सत्तर. चारशे वीस." मी फळ्यावर ३५ गुणिले १२ असे उभे मांडून खडू तिच्या हाती दिला. तिने २ ने गुणून ७० लिहिले, १ ने गुणून त्याच्या बरोबर खाली ३५ लिहिले, बेरीज केली आणि १०५ हे उत्तर मांडून ती जागेवर जाऊन बसली. दोन्ही उत्तरे तिचीच होती, पाच मिनिटांच्या आत दिलेली होती, आणि त्यांच्यातील तफावत तिला मुळीच खटकली नव्हती. मी ती दाखवून दिली तेव्हा तिने उलट मलाच समजावले, "सर, तो हिशोब होय. हे गणित होय."

शालेय गणित मुलांना आवडावे, सोपे वाटावे, यासाठी आपल्याकडे जेवढी चर्चा होते तेवढी क्वचितच दुसऱ्या विषयाची होत असेल. त्या चर्चेचा सूर बहुधा एकच असतो: गणित रुक्ष आहे, म्हणून मुले त्याला भितात, म्हणून ते रंजक करावे. मग पाढ्यांना चाली लावल्या जातात, भिंतींवर रंगीत कोन आणि त्रिकोण काढले जातात, टीव्हीच्या पडद्यावर हलती चित्रे दाखवली जातात. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. आनंदी वर्ग केव्हाही चांगलाच. परंतु त्या मुलीला कंटाळा आलेला नव्हता आणि ती भ्यालेलीही नव्हती. फळा ही अशी जागा आहे, जिथे संख्या खऱ्या असण्याची गरज नसते, असा तिचा शांतपणे समज झाला होता. पाच वर्षांच्या शाळेने तिला हा समज दिला होता आणि कोणत्याही चालीने तो दूर होणार नव्हता. गणित मुलांच्या जवळ आणायचे असेल, तर पहिले काम हा समज मोडण्याचे आहे, असे माझे ठाम मत झाले ते त्या दिवसापासून.

हे एका मुलीपुरते असते तर त्यावर लेख लिहिण्याचे कारण नव्हते. अभिजित बॅनर्जी व एस्थर ड्यूफ्लो हे अर्थशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोलकाता व दिल्ली येथील बाजारांत काम करणाऱ्या एक हजार चारशेहून अधिक मुलांचा अभ्यास केला आणि तो २०२५ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. भाजीच्या गाड्यावर दोन-तीन वस्तूंची किंमत काढून सुट्टे पैसे बिनचूक परत करणारी ही मुले, तशीच गणिते शाळेच्या पद्धतीने कागदावर मांडून दिली की अडखळत होती. या अभ्यासाचा दुसरा अर्धा भाग मला अधिक अस्वस्थ करतो. जी मुले केवळ शाळेत शिकत होती, त्यांच्यापैकी बहुतेकांना बाजारातले साधे व्यवहार सोडवता येत नव्हते. कागदावर जे जमत होते ते दुकानात उपयोगी पडत नव्हते. ब्राझीलमधील रेसिफे शहरात रस्त्यावर फळे विकणाऱ्या मुलांबाबत हाच अनुभव १९८५ मध्ये नोंदवला गेला होता. इकडे ग्रामीण भारतातील मुलांची पाहणी करणाऱ्या 'असर'च्या २०२४ च्या अहवालानुसार, तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागण्याचे उदाहरण पाचवीतील फक्त ३०.७ टक्के मुलांना सोडवता आले. हा आकडा वाचून मुलांना भागाकार 'येत नाही' असे आपण म्हणतो. त्याच मुलांना नदीवर धरलेले मासे किंवा एका झाडाची बोरे पाच जणांत वाटून घ्यायला सांगितले तर ती काय करतात, हे मात्र कोणी पाहत नाही.

यावर एक सोपा उपाय सुचवला जातो, आणि तो अपुरा आहे. पुस्तकातील उदाहरणांत सफरचंदांऐवजी संत्री घालावीत, रेल्वेऐवजी बैलगाडी घालावी, म्हणजे गणित आपोआप गावचे होईल, असे अनेकांना वाटते. वर सांगितलेला अभ्यास नेमका याच्या विरुद्ध इशारा देतो. नुसता ओळखीचा शब्द टाकल्याने ओळखीची विचारपद्धत वहीत उतरत नाही. 'एका शेतकऱ्याने ३५ किलो कापूस वेचला' असे उदाहरण वाचून मुले 'शेतकरी' आणि 'कापूस' हे दोन्ही शब्द ओलांडून फक्त दोन संख्या शोधतात आणि धडा गुणाकाराचा असल्याने गुणाकार करतात. तोंडी रीत आणि लेखी रीत यांच्यामध्ये पूल शिक्षकानेच बांधावा लागतो, आणि तो एकेका उदाहरणातून, हाताने बांधावा लागतो.

त्या मुलीच्या बाबतीत तो पूल फार लांबीचा नव्हता. तिने तोंडी सांगितलेले 'दोनाने सत्तर' मी फळ्याच्या डावीकडे लिहिले आणि विचारले, की हे सत्तर उजवीकडच्या मांडणीत कुठे दिसतात. तिने लगेच पहिली ओळ दाखवली. मग 'दहाने साडेतीनशे' कुठे आहेत, असे विचारले. ती बराच वेळ पाहत राहिली. वर्गही गप्प होता. शेवटी मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, की त्या पस्तीसच्या पुढचे शून्य गेले कुठे. बाराखडीतल्या एखाद्या अक्षराची मात्रा पुसली जावी तसे ते शून्य पुसले गेले होते, आणि दुसऱ्या ओळीत 'फुली' का मारतात, हे त्या वर्गाला तीन वर्षांनंतर त्या दिवशी कळले. १२ मधला १ हा एक नसून दहा आहे, ही गोष्ट दुसरीपासून शिकवली जाते. पण ती जिथे कामाला येते तिथे आपण 'एक घर सोडून लिहा' असा हुकूम देतो आणि पुढे जातो. संख्या फोडून गुणण्याचा, वितरणाचा नियम म्हणून जो गुणधर्म पुढे बीजगणितात अक्षरांच्या वेशात समोर येतो, तो त्या मुलीच्या जिभेवर आधीपासून होता. तो तिचाच आहे, हे तिला सांगणारे मात्र कोणी नव्हते.

अपूर्णांकांच्या बाबतीत तर आपण हातातले धन अक्षरशः फेकून देतो. वऱ्हाडातल्या कोणत्याही आठवडी बाजारात सात वर्षांचे मूल पाव किलो, अर्धा किलो, पाऊण किलो, सव्वा, दीड, अडीच हे शब्द चूक न करता वापरते. अदपाव हा पावाचा निम्मा असतो, हे त्याला तराजूने शिकवलेले असते. तेच मूल चौथी-पाचवीत १/४ आणि १/८ यांतील मोठा कोणता, असे विचारल्यावर आठ मोठे म्हणून १/८ सांगते, कारण फळ्यावरचा 'एक छेद चार' म्हणजेच बाजारातला पाव, ही ओळख त्याला कोणी करून दिलेली नसते. आपल्या आजोबांच्या पिढीने पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि अडीचकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ केले होते. काहींना साडेतीनची औटकीही येत असे. ते सगळे परत आणावे असे मी म्हणणार नाही, कारण त्यातला बराच भाग आणे-पैच्या आणि शेर-मणाच्या व्यवहारासाठी होता. पण जगातील फार थोड्या भाषांत अपूर्णांकांसाठी इतके सुटसुटीत आणि रोजच्या वापरातले शब्द आहेत. ते वर्गाच्या दारात चपलांसारखे काढून ठेवायला लावणे हे शहाणपणाचे नाही.

सेमी इंग्रजीच्या ओढीमुळे हे दार आणखी अरुंद झाले आहे. पालकांची इच्छा मी समजू शकतो. आपल्या मुलाने मागे राहू नये, एवढेच त्यामागे असते. तरीही ज्या वर्गात शिक्षक आणि विद्यार्थी या दोघांचेही इंग्रजी कच्चे आहे, तिथे 'डिनॉमिनेटर' हा शब्द पाठ करण्यात जो वेळ जातो तो पाव आणि अदपाव यांची तुलना करण्यात गेला असता तर मूल अपूर्णांक शिकले असते. मराठी परिभाषेचाही दोष आहेच. 'लघुतम सामाईक विभाज्य' याचा 'लसावि' होतो आणि मग तो शब्द म्हणजे काय, हे विचारण्याचे कोणालाच सुचत नाही. गडचिरोली, मेळघाट किंवा पांढरकवडा भागातील गोंडी, कोरकू आणि कोलामी बोलणाऱ्या मुलांसाठी तर मराठी संख्यानामे हीच पहिली परकी भाषा असते, आणि ती शिकत असतानाच त्यांना बेरीज-वजाबाकीही शिकावी लागते.

संख्यानामांचा विषय निघाला की २०१९ ची आठवण होणे अपरिहार्य आहे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'सत्तावीस'च्या जोडीला 'वीस सात' अशी वाचनाची पद्धत आली आणि राज्यभर तिची टिंगल झाली. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर यांनी परोपरीने समजावून सांगितले, पण विनोदांच्या गदारोळात मुद्दा बुडाला. त्यांचे निदान अचूक होते, असे मला तेव्हाही वाटत होते. मराठीत त्रेसष्ट म्हणताना तीन आधी ऐकू येतात आणि लिहिताना सहा आधी लिहावे लागतात. एकोणसाठ म्हणताना साठ कानावर पडतात आणि लिहायचे असतात ५९. पहिली-दुसरीत ६३ च्या जागी ३६ लिहिणारी मुले मी दरवर्षी पाहिली आहेत, आणि त्यांना मठ्ठ ठरवणारे शिक्षकही पाहिले आहेत. सिरोंच्याच्या बाजूला घरी तेलुगू बोलणारे मूल त्रेसष्टला 'अरवै मूडु' म्हणते, म्हणजे साठ तीन. त्याला ऐकण्याचा आणि लिहिण्याचा क्रम एकच मिळतो. मराठी संख्यानामे टाकून द्यावीत असे कोणी म्हटले नव्हते. ज्या मुलाला अडते त्याला काही काळ 'साठ तीन'चा आधार द्यावा, एवढेच म्हणणे होते. ज्यांना स्वतःला त्रेसष्ट केव्हाच पाठ झाले आहे अशा मोठ्या माणसांनी हसून तो आधार काढून घेतला, याचे मला आजही वाईट वाटते.

गावात गणित किती आहे, हे पाहायचे असेल तर शतमानाचा धडा घ्यावा. भारतीय कापूस महामंडळाच्या केंद्रावर हमीभावासाठी ८ टक्के ओलावा धरला जातो. त्यापुढे १२ टक्क्यांपर्यंत प्रत्येक टक्क्यामागे दरात एक टक्का कपात होते आणि १२ च्या पुढे माल घेतला जात नाही. २०२४-२५ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ७,५२१ रुपये होता. ज्या घरच्या कापसात ११ टक्के ओलावा निघाला त्याला क्विंटलमागे २२५ रुपये ६३ पैसे कमी मिळाले. हा हिशोब सातवीच्या वर्गात केला तेव्हा मुलांचा पुढचा प्रश्न शतमानाच्या पलीकडचा होता: दोन दिवस ऊन देऊन ओलावा उतरवला तर वजनही घटेल, मग फायदा किती उरेल? या प्रश्नाला सरळ उत्तर नाही. दर वाढतो, वजन घटते, दोन्ही टक्के वेगवेगळ्या पायांवर मोजले जातात आणि मुलांना 'कशाचे टक्के' हा शतमानातला सर्वांत अवघड प्रश्न स्वतःहून पडतो. पावसाचेही असेच आहे. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की अतिवृष्टी, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही पंचनाम्यांमुळे ठाऊक असते. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, एवढे सांगून एकरभर शेतावर, म्हणजे सुमारे ४,०४७ चौरस मीटरवर, ६५ मिलिमीटर पावसाचे पाणी किती, हे काढायला लावावे. उत्तर दोन लाख त्रेसष्ट हजार लिटरांच्या घरात येते. दहा हजार लिटरचे सव्वीस टँकर एका एकरात ओतले गेले, हे कळल्यावर घनफळाचे सूत्र मुलांना वेगळे पाठ करावे लागत नाही.

इथे एक सावधगिरी नोंदवणे माझे कर्तव्य आहे. ऋण संख्या शिकवताना उधारीचे उदाहरण सर्वांत सोयीचे वाटते; ऋण या शब्दाचा अर्थच कर्ज आहे आणि ब्रह्मगुप्ताने सातव्या शतकात धन आणि ऋण यांचे नियम याच भाषेत सांगितले. परंतु विदर्भातल्या वर्गात कोणत्या मुलाच्या घरात कर्जाने काय केले आहे, हे शिक्षकाला नेहमीच माहीत असते असे नाही. एकदा कृषी केंद्राच्या उधारीचे उदाहरण देताना एका मुलाने मान खाली घातली ती तासभर वर केली नाही. त्यानंतर मी विहिरीचे उदाहरण घेऊ लागलो. काठ म्हणजे शून्य, पाणी काठापासून बारा हात खाली, पावसाने चार हात चढले तर आता कुठे, हे मुलांना डोळ्यांपुढे दिसते. गावच्या जगण्यातून उदाहरणे घ्यावीत, या माझ्या आग्रहाला एवढी मर्यादा मला स्वतःच घालावी लागली.

दुसरी मर्यादाही आहे. गावच्या मुलाला फक्त कापसाचे आणि खताचेच गणित द्यावे, हा विचार मला अपमानकारक वाटतो. निव्वळ नवलासाठी नवल करण्याचा हक्क त्यालाही आहे. अंगणात एक चिंचोका ठेवावा, त्याच्या दोन बाजूंना तीन लावावेत, मग पाच, मग सात. प्रत्येक वेळी चौरस पूर्ण होतो. एक अधिक तीन चार, अधिक पाच नऊ, अधिक सात सोळा. हे असेच कुठवर चालेल, या प्रश्नावर मी चौथीच्या मुलांना जेवणाची सुट्टी विसरताना पाहिले आहे, आणि त्यात कोणाचाही एक रुपयाचा फायदा नव्हता. देवळालीच्या शाळेत शिक्षक असलेल्या द. रा. कापरेकरांनी ६१७४ या संख्येचे नवल शोधले ते पाटी-पेन्सिलीच्या बळावरच. चार अंकी संख्या घ्यावी, सगळे अंक सारखे नसावेत, अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करावी, आलेल्या उत्तरावर (ते तीन अंकी असेल तर आधी शून्य मांडून) पुन्हा तेच करावे. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ समोर येते. वजाबाकीचा असा सराव मुले कंटाळल्याशिवाय करतात. सराव हवाच, हेही सांगून टाकतो. पाढे पाठ नसलेले मूल भागाकारात प्रत्येक पायरीला थांबते आणि विचारच करू शकत नाही. अर्थ समजावण्याच्या नावाखाली पाठांतराला तुच्छ लेखणे हाही एक प्रकारचा आळस आहे.

२०२४ मध्ये राज्याच्या शालेय अभ्यासक्रम आराखड्यातील एक तरतूद गाजली. दहावीला गणितात किंवा विज्ञानात ३५ पेक्षा कमी, पण किमान २० गुण मिळालेल्या विद्यार्थ्याला, पुढे त्या विषयांवर आधारित शिक्षण घेता येणार नाही अशा शेऱ्यासह उत्तीर्ण करावे, असा तो विचार होता. यामागची कळकळ मी नाकारत नाही. गणितात नापास झाली म्हणून शाळा सुटली आणि वर्षभरात लग्न झाले, अशा मुली मला माहीत आहेत. त्यांच्यासाठी ते १५ गुण म्हणजे आयुष्याची दिशा होती. तरीही हा उपाय दहावीच्या दारात उभा आहे आणि दुखणे तिसरीत सुरू झालेले आहे. शेरा घेऊन बाहेर पडलेला मुलगा उद्या आयटीआयला वायरमनचे काम शिकायला जातो किंवा पोलीस भरतीची तयारी करतो. त्या भरतीच्या लेखी परीक्षेत अंकगणित आहेच. तालुक्याच्या ठिकाणी भाड्याच्या खोलीत राहून, पहाटे धावून झाल्यावर बावीस वर्षांचे तरुण सहावीतले शतमान आणि काळ-काम-वेग युक्त्यांच्या साहाय्याने पाठ करताना दिसतात, तेव्हा आपण त्यांचे किती वर्षांचे देणे लागतो, हे मोजावेसे वाटते.

शिक्षकांवर सगळा दोष टाकून मोकळे होता येणार नाही. द्विशिक्षकी शाळेत चार वर्ग, ऑनलाइन माहितीचे तगादे आणि निवडणुकीची कामे सांभाळणाऱ्या माणसाकडून एकेका मुलाची रीत ऐकून घेण्याची अपेक्षा करणे सोपे नाही. कित्येक शिक्षकांचे स्वतःचे गणितही दहावीला सुटलेले असते आणि ती भीती मुलांपर्यंत न बोलता पोहोचते. गणित पेट्या शाळांत आल्या, परंतु साहित्य हरवले तर जबाबदारी कोणाची, या धास्तीने अनेक ठिकाणी त्या कपाटात कुलूपबंद राहिल्या. वेचणीच्या हंगामात मुले आठ-आठ दिवस गैरहजर असतात आणि नेमका तेव्हाच अपूर्णांकांचा धडा संपवायचा असतो. इतिहासातला एखादा धडा बुडाला तर पुढचा समजू शकतो. गणितात बुडालेली पायरी पुढच्या प्रत्येक पायरीवर पाय घसरवते. कापूस पट्ट्यातील शाळांना घटकांचा क्रम आणि वेळ हंगामाप्रमाणे बदलण्याची मोकळीक द्यायला शासनाचा एक पैसाही लागत नाही.

आणखी एक गोष्ट पैशाविना होऊ शकते. केंद्र पातळीवर, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातील शिक्षकांची, शिक्षण परिषद भरते, आणि तिचा बराचसा वेळ परिपत्रके वाचण्यात आणि कोणती माहिती कधी भरायची हे सांगण्यात जातो. त्याऐवजी प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातील तीन चुकलेली उत्तरे, मुलाच्या हस्ताक्षरातली, सोबत आणावीत आणि ती कशी आली असतील, यावर सर्वांनी मिळून तासभर डोके लावावे. ३५ गुणिले १२ बरोबर १०५ हे उत्तर लाल शाईने खोडायला दोन सेकंद लागतात. ते कुठून आले हे शोधायला वीस मिनिटे लागतात आणि ती वीस मिनिटे संपेपर्यंत त्या खोलीतल्या प्रत्येक शिक्षकाला स्थानिक किंमत नव्याने समजलेली असते. मूल्यमापनात तोंडी कामाला जागा आहेच. तिथे पाढे म्हणवून घेण्यासोबत 'हे उत्तर तू कसे काढलेस' हा एक प्रश्न प्रत्येक मुलाला विचारला जावा, आणि उत्तर वऱ्हाडीत, झाडीबोलीत किंवा गोंडीत आले तरी त्याला पूर्ण गुण मिळावेत. शाळा व्यवस्थापन समितीत बसलेल्या आईबापांना बीजगणित येत नसेल, पण काट्यावर मापात फसवणूक झाली तर ती कशी ओळखावी, हे त्यांना येते. महिन्यातून एकदा त्यांच्यापैकी कोणीतरी वर्गात येऊन आपला हिशोब मोठ्याने करून दाखवावा आणि मुलांनी तोच हिशोब शेजारी फळ्यावर मांडत जावे. त्या मुलीची आई एकदा अशी आली होती. तिला लिहिता येत नव्हते. आठवड्याच्या वेचणीचे पैसे तिने तोंडी सांगितले, मुलीने ते फळ्यावर उभे मांडले, आणि दुसऱ्या ओळीतले शून्य या वेळी तिने न सांगता लिहिले.